कानबाईचा उतार

गुडघे गेले, त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. वय झालं की जातातच. माझ्या आईचे गेले होते, सासूचे गेले होते, माझे नसते गेले तर मलाच नवल वाटलं असतं. पण गुडघ्यांबरोबर माझा स्वतःवरचा भरवसाही गेला, आणि तो आपोआप गेला नव्हता. तो ताईबाईने नेला. हे मी आज चारचौघांत सांगते, कारण तेव्हा गप्प बसले होते आणि ते गप्प बसणं मला अजून पचलेलं नाही.

ताईबाई म्हणजे माझी जाऊ, धाकटा दीर चिंधा, त्याची बायको. लग्न होऊन आली तेव्हा एवढीशी होती. पदर डोक्यावर ठरत नव्हता आणि डोक्यावर हंडा घेतला की निम्मं पाणी वाटेतच सांडायची. आमचं गाव पांझरेकाठी, धुळ्याहून एसटीने फार लांब नाही, पण तेव्हा नळ नव्हते, पाणी नदीवरून आणायचं. सासू तिच्यावर डाफरायची. मी तिला पहाटे नदीवर नेऊन शिकवलं. पायाकडे पाहायचं नाही, समोर पाहायचं. मान ताठ ठेवायची, पाय आपली वाट आपण शोधतात. पुढच्या वर्षी ती डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढायला लागली. ती मला अक्का म्हणायची, आणि मला सख्खी बहीण नव्हती म्हणून मीही तिला तसंच धरलं.

आता कानबाईचं सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नथ घालून, डोळे लावून, पाटावर मांडतात, रात्र जागवतात, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर नेतात. नेते ती बाईच, पाट डोक्यावर घेऊन. आमच्या भाऊबंदांत हा मान घरातल्या थोरल्या सुनेचा. दोन्ही हातांनी पाट धरायचा, वाटेत खाली टेकवायचा नाही. आणि एकदा दुसरीच्या डोक्यावर दिला की दिला, पुन्हा मागायचा नाही. सासूने तो माझ्या डोक्यावर दिला तेव्हा ती रडली होती. मला तेव्हा वाटलं, म्हातारीला एवढं रडायला काय झालं.

वर्षभर घरात माझं कोण ऐकत होतं, विचारू नका. पण त्या सोमवारी बायका माझ्या पाया पडायच्या, आमचे हे पुढे वाट करत चालायचे आणि सगळं गाव बाजूला व्हायचं. ताईबाई माझ्या मागे आरतीचं ताट घेऊन असायची. दरवर्षी मागेच.

ज्या वर्षाची ही गोष्ट, ते एक्याण्णव साल. संक्रांत झाली आणि एके दिवशी ओटा उतरताना माझा उजवा गुडघा एकदम निसटला. पडले नाही. ताईबाई जवळच होती, तिने दंड धरला. ती म्हणाली, "अक्का, मी शे ना." मी आहे ना, एवढंच. त्या दिवशी तो हात मला देवाचा वाटला, खोटं कशाला बोलू.

तिनेच मला धुळ्याला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. आमचे हे शेतात, पोरं आपापल्या कामावर, बायकांच्या गुडघ्यांसाठी कुणाला वेळ असतो? डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले, फोटो काढायला पाठवलं. फोटो काढून मी आत लुगडं सारखं करत होते, तेवढ्यात डॉक्टरांनी ताईबाईला बोलावून सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांची ती रीतच असते, दुखणं आपलं आणि सांगायचं बरोबरच्याला. मी बाहेर आले तेव्हा ताईबाई हातात गोळ्यांचं पाकीट घेऊन उभी होती, आणि तोंड इतकं पडलेलं की मला वाटलं आता माझं काही खरं नाही.

"काय सांगं व?" मी विचारलं.

"गुडघा बठ्ठा झिजी गयात म्हने. एकली चालू नको. पडी गयी ते खुबा मोडी, मंग खाटलावरच." मग म्हणाली, "कानबाईनं मी मुद्दाम इचारं, अक्का. डाक्टर नही म्हनतस."

एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडले. तिने वाटभर माझा हात हातात ठेवला होता.

त्यानंतर तिने माझी जी सेवा केली, तशी पोटच्या पोरीने केली नसती. लसूण घालून तेल कढवायची, गुडघे चोळायची, परसात जायचं तरी दंड धरून न्यायची. आणि प्रत्येक पावलाला म्हणायची, "हळू व अक्का, पडी जाशी." ओट्यावर, उंबऱ्यावर, देवळाच्या पायरीवर, अगदी सपाट अंगणातसुद्धा. शेजारणी म्हणायच्या, कमलबाई, जाऊ मिळावी तर अशी. मीही मान डोलवायचे.

होळीपर्यंत मी देवळात जायचं सोडलं. अक्षयतृतीयेला झोका बांधला, पोरीबाळी गाणी म्हणत होत्या, मी दारात बसून पाहिलं. पावसाळा लागला तोवर अशी गत झाली की ताईबाई घरात नसली तर मी खाटेवरून उठत नसे. तहान लागली तरी बसून राही. पाणी चार पावलांवर, माठात. दुखत होतं का? तेवढं दुखत नव्हतं, गोळ्यांनी आराम होता. पण पाऊल उचललं की आधी ते शब्दच कानात यायचे आणि पाय तिथेच थिजायचा. मी, जी नदीवरून दोन हंडे आणि कडेवर पोर घेऊन आले, ती मी माठाला भ्यायला लागले. माझी मलाच चीड यायची.

कानबाई तोंडावर आली. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की रोटाचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचे, गहू निवडायला सगळे भाऊबंद जमतील तेव्हा सांगायचं, यंदापासून कानबाई ताईबाईच्या डोक्यावर. कुणी मला तसं म्हटलं नव्हतं. ताईबाईने तर त्याचा विषयही काढला नव्हता. ती शहाणी.

आदल्या गुरुवारी गोळ्या संपल्या. एरवी ताईबाईच एकटी जाऊन आणायची, पण तिला घर सारवायचं होतं, कानबाईच्या आधी सगळं चकचकीत व्हायला हवं. म्हणून पहिल्यांदाच आमचे हे मला धुळ्याला घेऊन गेले. त्यांच्या सदऱ्याची बाही धरून मी डॉक्टरांच्या खोलीत शिरले. डॉक्टर आधी माझ्याकडे पाहत राहिले, मग त्या बाहीकडे.

"मावशी, अजून धरूनच चालता?"

"एकटीने पडेन ना मी."

"पडलात कधी?"

मी आठवून पाहिलं. एकदाही पडले नव्हते.

त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि भलतंच विचारायला लागले. घरात एकटीने चालायचा भरवसा सोळा आण्यांतला किती? मी म्हटलं, चार आणे. ओटा उतरायचा? दोन. एसटीत चढायचा? काहीच नाही. टाचा उंचावून फळीवरचा डबा काढायचा? मला हसू आलं, म्हटलं, डॉक्टरसाहेब, फळीकडे मी बघतसुद्धा नाही. ते हसले नाहीत. त्यांनी आमच्या ह्यांना दूर उभं केलं, मला टेबलाला धरून एक पाय उचलायला लावला आणि म्हणाले, आता हात सोडा. मी सोडेना. त्यांनीच हळूच माझी बोटं सोडवली. मी डोळे गच्च मिटून घेतले, आता गेले म्हणून. गेले नाही. उभी होते.

"गुडघे झिजलेत, ते काही परत भरून येणार नाहीत," डॉक्टर म्हणाले. "पण तोल शाबूत आहे तुमचा. भीती बसली आहे, आणि बसून बसून पायातली ताकद जाते आहे. मी तेव्हाच सांगितलं होतं की."

"कुणाला?"

"तुमच्या जाऊबाईंना. तुम्ही आत होतात. म्हटलं, यांना हात देत जाऊ नका, रोज एकट्या चालू द्या. कसलीशी देवी डोक्यावर न्यायची असते, ते त्यांनीच विचारलं होतं. मी म्हटलं, रोज चालल्या तर खुशाल नेऊ द्या."

मी त्यांना परत सांगायला लावलं. त्यांनी परत सांगितलं, तेच शब्द. मग मी विचारलं, "आता नेली तर?" ते म्हणाले, "चार दिवसांत मी काय सांगू मावशी? सहा महिने गेले ना मधले."

आमचे हे बाहेर आल्यावर म्हणाले, "जाऊ दे, तिच्या ऐकण्यात घोटाळा झाला असेल." पुरुषांना घरातलं भांडण नको असतं, बाकी काहीही चालतं. मी एसटीत दांडा धरून एकटी चढले. रागाने चढले.

घरी आले तेव्हा सारवण झालं होतं, अंगण अजून ओलं होतं. ताईबाई स्वयंपाकघरात पाखडत बसली होती. मला एकटीला दारातून आत येताना पाहिलं आणि तिच्या हातातलं सूप थांबलं. तिथेच तिला कळलं.

"डाक्टरनी तुले काय सांगं व्हतं, ताई?"

ती सुपातले खडे वेचायला लागली. मी पुन्हा विचारलं. म्हटलं, निदान नाही तरी म्हण. ऐकण्यात चुकलं म्हण, मी मानेन. खरंच मानलं असतं मी. तिने सूप बाजूला ठेवलं.

"मी तुन्हा पाय मोडा नही, अक्का," ती म्हणाली. "मी ते फक्त हात धरा."

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

"तीस साल मी तुन्हा मांगे आरती लिसन चालस. तुन्ही पाठच दखस. माले एकदाव बी वाटाले नको का?"

"मांगती ते मी दी देती."

"तू?" ती हसली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तू कधी काय दिधं व? हंडा कसा लेवाना ते बी तू शिकाडं, मंग जलमभर बठ्ठास्ले सांगत फिरनी का मी शिकाडं."

हे खरं होतं. मी सगळ्यांना सांगत फिरले होते, आताही सांगितलंच की. आणि मागितली असती तर कानबाई मी दिली असती का, ते कानबाईला ठाऊक. पण म्हणून माझ्याच घरात, माझाच हात धरून, रोज थोडी थोडी भीती माझ्या अंगात भरायची? चोराने निदान अंधारात यावं. ही दिवसाढवळ्या तेल लावायला यायची आणि मी तिला आशीर्वाद द्यायचे.

मी कुणाला काही सांगितलं नाही. कानबाई बसायच्या घरात कालवा नको म्हणून. शुक्रवार-शनिवार मी अंगणात भिंतीपासून तुळशीपर्यंत एकटी चालले, भिंतीला हात न लावता. शनिवारी रोटाचे गहू निवडताना मोठ्याने सांगितलं, "कानबाई मीच नेणार." आमच्या ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गव्हांकडे. ताईबाईने मान वर केली नाही.

सोमवारी सकाळी पाट माझ्या डोक्यावर ठेवला आणि माझी मान आपोआप ताठ झाली. वाजंत्री सुरू झाली. गल्लीतून निघाले, बायका पाया पडत होत्या, पुढे पोरी फुगड्या घालत होत्या. गुडघे कुरकुरत होते, पण पाय आपली वाट आपण शोधत होते. चावडी गेली, मारुतीचं देऊळ गेलं. मला वाटलं, सहा महिने मी खाटेवर बसले ते कशासाठी? मला हसूच यायला लागलं. भरवसा विचारला असतात तर तेव्हा सोळा आणे सांगितला असता.

मग नदीचा उतार आला. श्रावणातला चिखल, वरून बायकांच्या पायांनी तुडवलेला. दरवर्षी असाच असतो. मी पहिलं पाऊल खाली टाकलं आणि मागून आवाज आला, "हळू व अक्का, पडी जाशी."

मुद्दाम म्हणाली की सवयीने, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. सवयीने म्हणाली असेल तर ते मला जास्त वाईट वाटतं.

माझा पाय थिजला. दुखलं नाही, घसरलं नाही, नुसता थिजला. पुढे टाकवेना, मागे घेववेना. डोक्यावरचा पाट हलायला लागला. सगळ्यात लाजिरवाणं म्हणजे माझा डावा हात पाट सोडून दंडाशी कुणाचा तरी हात शोधायला निघाला होता. मी तो परत वर नेला. वाजंत्री जराशी पुढे गेली आणि थांबली. खालून आमचे हे म्हणाले, "चाल ना, काय झालं?" पाट खाली टेकवता येत नाही. किती वेळ उभी होते देव जाणे.

ताईबाई माझ्या बाजूला आली. रडत होती. "चाल अक्का, चाल. मी तुन्हा हात धरस."

मला वाटलं, पाट तिच्या तोंडावर मारावा. मग वाटलं, कानबाई आहे.

"हात नको," मी म्हटलं. "घे."

"नही अक्का."

"घे म्हनस ना."

तिने आरतीचं ताट शेजारणीकडे दिलं, मी कानबाई तिच्या डोक्यावर ठेवली आणि ताट माझ्या हातात घेतलं. कुणीतरी जयजयकार केला. बायकांना वाटलं, थोरलीने धाकटीला मान दिला, किती मोठं मन. दोघी-तिघींनी पदराने डोळे पुसले. माझी सासू का रडली होती ते मला तेव्हा कळलं. तिच्याशी निदान कुणी खोटं बोललं नव्हतं.

ताईबाई उतार उतरायला लागली आणि मी तिच्या मागे. तिची पाठ मी पहिल्यांदाच पाहत होते. मान ताठ, नजर समोर, मी शिकवलं होतं तशी. पण चिखलात तिचं एक पाऊल जरा सरकलं, आणि माझ्या जिभेवर ते शब्द आले. हळू व, पडी जाशी. नुसते म्हणायचे होते. त्यांनी काय होतं ते माझ्याइतकं त्या नदीकाठी कुणालाच माहीत नव्हतं. तोंड उघडलंसुद्धा होतं. मग मी दात आवळले. तिच्यासाठी नाही, तिच्या डोक्यावरच्या नारळासाठी. तिची एकेक टाच पाहत, आता सरकेल, आता सरकेल, असं म्हणत मी दात आवळून तिच्या मागे चालत राहिले.

पायाला गार लागलं तेव्हा खाली पाहिलं. मी पाण्यात उभी होते. सगळा उतार मी उतरले होते, दोन्ही हातांत ताट धरून, कुणीही माझा हात न धरता. ताटातली आरती विझलीसुद्धा नव्हती.

समोर ताईबाई पाटासकट पाण्यात शिरत होती, आणि मला आता तो पाट कधीच मागता येणार नव्हता.